सेल्फ मारल्यावरची थरथर

गाडी सुरू करताना थरथरते, अशी तक्रार घेऊन माणसं गॅरेजमध्ये जातात. तिथे त्यांना एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही: पेट्रोल-डिझेलवर चालणारी प्रत्येक गाडी सुरू होताना थरथरतेच. तुमचीही, आणि शेजाऱ्यांनी कालच हार घालून शोरूममधून आणलेलीही. जिच्यात थरथर जाणवत नाही, तिच्यात ती तुमच्या सीटपर्यंत पोचण्याआधीच जिरवलेली असते. म्हणून प्रश्न उलटा विचारायला हवा. ही थरथर एरवी आपल्याला कळत का नाही? ते समजलं, की ती कळायला लागली तर नेमकं काय बिघडलं असेल, याचा अर्धा शोध घरबसल्या लागतो.

उदाहरणाला आपल्याकडे गल्लोगल्ली दिसणारी छोटी पेट्रोल गाडी घेऊ. तीन सिलिंडर, एक लिटरच्या आसपासचं इंजिन. १९८३च्या डिसेंबरात रस्त्यावर आलेली मारुती ८०० याच घराण्यातली, ७९६ सीसी आणि तीन सिलिंडरची. आजची एक लिटरची वॅगन आर घ्या, क्विड घ्या, टियागो घ्या, सगळ्यांच्या पोटात तीनच सिलिंडर. नाशिकची डिसेंबरातली सकाळ आहे, गाडी रात्रभर उघड्यावर होती, आणि तुम्ही किल्ली फिरवता.

पुढचा एक सेकंद विलक्षण आहे.

बॅटरीतून एकदम शंभर-दोनशे अँपिअर वीज स्टार्टर मोटरकडे धावते. मोटरच्या टोकाला नऊ-दहा दातांचं एक चिमुकलं चाक असतं. ते टुणकन पुढे सरकून फ्लायव्हीलच्या मोठ्या दातेरी कड्यात अडकतं. मोटर दहा-बारा फेरे मारते तेव्हा कुठे इंजिन एकदा फिरतं. एवढी मेहनत कशासाठी? आत हवा दाबायची असते म्हणून. या इंजिनातला पिस्टन जेमतेम ७३ मिलिमीटर व्यासाचा, तळहातावर सहज मावेल असा. तो वर चढताना सिलिंडरमधली हवा इतकी आवळतो, की दर चौरस सेंटिमीटरवर बारा किलोच्या आसपास दाब येतो. पिस्टनचं डोकं ४२ चौरस सेंटिमीटरचं. गुणाकार करा. पाचशे किलो! अर्धा टन वजन त्या वाटीएवढ्या तुकड्याला खाली रेटत असतं, आणि त्याला न जुमानता तुमची मोटर त्याला वर ढकलते, मिनिटाला दोन-अडीचशे फेऱ्यांच्या गतीने.

आता कान द्या. सेल्फ मारल्यावर येणारा 'ख्यँ-ख्यँ-ख्यँ' हा आवाज सलग नसतो, त्याला लय असते. प्रत्येक 'ख्यँ' म्हणजे एका पिस्टनची चढाई. तिथे मोटर अडखळते, माथा ओलांडला की सुटते, पुढच्या पिस्टनला पुन्हा अडखळते. म्हणजे इंजिन पेटण्याआधीच ते तुम्हाला आपल्या तिन्ही सिलिंडरांची हजेरी ऐकवत असतं. एखादा 'ख्यँ' नेहमी हलका वाटला, तर त्या सिलिंडरमधली हवा कुठून तरी निसटते आहे. जाणकार इलेक्ट्रिशियन बॅटरीच्या जाड केबलभोवती वीज मोजणारा चिमटा लावतात आणि पडद्यावर एकामागून एक उमटणारे उंचवटे बघतात. तीनपैकी एक उंचवटा बुटका असेल, तर व्हॉल्व्ह किंवा पिस्टनच्या रिंगा तपासायच्या. इंजिनाचा एक बोल्टही न खोलता, नुसत्या विजेच्या चढउतारावरून पोटातला दाब ओळखायचा! मला तर ही युक्ती डॉक्टरांच्या स्टेथोस्कोपपेक्षाही भारी वाटते.

इंजिन फिरवायचं हे काम पूर्वी माणसाच्या दंडाने होत असे. जुन्या अ‍ॅम्बॅसिडर आणि फियाटच्या पुढच्या बाजूला हँडल घालायचं भोक असायचं, ते ज्यांनी पाहिलंय त्यांना 'हँडल मार' या दोन शब्दांतला घाम ठाऊक असेल. हँडल धरताना अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवायचा, ही शिकवण उगाच नव्हती. इंजिनाने उलटा हिसका दिला तर मनगट मोडायचं. अमेरिकेत चार्ल्स केटरिंगने १९११मध्ये विजेचा स्टार्टर बनवला आणि १९१२च्या कॅडिलॅक गाड्यांत तो आला. त्याआधी हा माणूस दुकानातल्या गल्ल्याच्या यंत्राला विजेची मोटर बसवण्याच्या कामावर होता. गल्ल्याचा खण उघडायला मोटरने क्षणभरच जोर लावायचा असतो, तर मग ती छोटी असली तरी चालते, हे त्याला तिथे उमगलं होतं. गाडी सुरू करायलाही क्षणभराचाच जोर लागतो!

बरं, इंजिन फिरू लागलं. पण ठिणगी कुठल्या सिलिंडरमध्ये पाडायची? गाडी बंद असताना पिस्टन कुठे थांबले होते, हे बहुतेक इंजिनांच्या मेंदूला, म्हणजे ईसीयूला, पक्कं ठाऊक नसतं. तो सुरुवातीला आंधळाच असतो. म्हणून क्रँकशाफ्टवर एक दातेरी चक्र बसवलेलं असतं. पुष्कळ गाड्यांत त्याच्यावर साठ दातांची जागा असते आणि त्यातले दोन दात मुद्दाम गाळलेले असतात. सेन्सरसमोरून दात जात राहतात, टिक-टिक-टिक, आणि अचानक एक पोकळी येते. तीच इंजिनाची उत्तर दिशा. एका फेऱ्यात ती सापडते, दुसरा सेन्सर कॅमशाफ्टकडे बघून सांगतो की चार टप्प्यांपैकी कोणता टप्पा चालू आहे, आणि मग पहिली ठिणगी पडते. हे सगळं तुम्ही किल्ली सोडायच्या आत.

इथवर आपण थरथरीपर्यंत आलोच नाही. ती आता येते.

ठिणगी पडली, पेट्रोल भडकलं, पिस्टनला दणका बसला. त्या दणक्याने क्रँकशाफ्ट एका दिशेला फिरतो, आणि न्यूटनच्या नियमाप्रमाणे इंजिनाचा सांगाडा उलट्या दिशेला झुकू पाहतो. प्रत्येक ठिणगीला एक झुकाव. तीन सिलिंडरच्या इंजिनात दर दोन फेऱ्यांत तीन दणके बसतात. सेल्फवर मिनिटाला २५० फेरे असताना सेकंदाला सहा दणके. गाडी स्थिर चालू झाली, फेरे ८००वर आले, की सेकंदाला वीस.

आता झोपाळा आठवा. त्याची स्वतःची एक लय असते. त्या लयीत बोटानेही ढकललं तरी तो आभाळाला भिडतो, आणि भलत्याच लयीत दोन्ही हातांनी रेटलं तरी नुसता थरथरतो. रबरी आधारांवर बसवलेलं इंजिनही असंच आपल्या लयीत डुलणारं असतं, आणि ही लय सेकंदाला साधारण आठ ते पंधरा हेलकाव्यांच्या दरम्यान कुठेतरी असते. आकडे पुन्हा बघा. सुरुवात सहावर, मुक्काम वीसवर. मधला आठ ते पंधराचा पट्टा ओलांडल्याशिवाय कुठलंच इंजिन सुरू होऊ शकत नाही!

म्हणून प्रत्येक गाडी सुरू होताना एकदा हलते, आणि बंद करताना फेरे उतरत येतात तेव्हा तोच पट्टा उलट दिशेने लागतो. किल्ली काढताना शेवटी बसणारा तो धक्का आठवतो ना? तो हाच. डिझेलवाल्यांनी यावर एक गमतीदार तोड काढली. डिझेल इंजिनात दाब जास्त, म्हणून धक्काही मोठा. तेव्हा कित्येक नव्या डिझेल गाड्यांत किल्ली बंद करताक्षणी हवेच्या वाटेवरची एक झडप मिटते. आत हवाच नाही तर दाबणार काय? इंजिन गपचूप थांबतं.

पेट्रोल गाडीचा उपाय वेगळा: तो पट्टा धावत ओलांडायचा. चांगल्या प्रकृतीचं इंजिन पहिल्या ठिणगीनंतर झपकन हजार-बाराशे फेऱ्यांवर उडी घेतं आणि मग हळूहळू खाली येऊन स्थिरावतं. तुम्हाला एक हलकासा हुंकार जाणवतो, बस. पण बॅटरी दमलेली असेल, टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी चढली असेल, तर स्टार्टर रेंगाळतो, उडी लांबते आणि इंजिन नेमकं त्या वाईट पट्ट्यात घुटमळतं. काहीही मोडलेलं नसताना गाडी गदगदा हलते. म्हणून तपास बॅटरीपासूनच सुरू करावा. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर मल्टिमीटर लावा. साडेबारा व्होल्टच्या वर असेल तर ती भरलेली आहे. सेल्फ मारताना काटा साडेनऊच्या खाली घसरला, तर इंजिनाला दोष देण्याआधी बॅटरी आणि टर्मिनल बघा.

उरलेली थरथर गिळण्याचं काम माउंटिंगचं. काही गॅरेजवाले याला 'फाउंडेशन' म्हणतात. इंजिन आणि चॅसी यांच्यामधले हे रबराचे आधार. एकेकाळी इंजिन सरळ सांगाड्याला बोल्टने घट्ट आवळलेलं असायचं आणि चार सिलिंडरच्या गाडीत बसणाऱ्याचे दात वाजायचे. १९३१मध्ये क्रायस्लर कंपनीने आपल्या प्लिमथ गाडीत इंजिन रबरावर अशा बेताने टांगलं, की ते स्वतःच्या वजनाच्या मध्याभोवती मोकळेपणाने डुलू शकेल. नाव दिलं 'फ्लोटिंग पॉवर'. पुढच्याच वर्षी फ्रान्सच्या सित्रोएनने ते तंत्र घेतलं आणि त्याची जाहिरात म्हणून गाडीच्या तोंडावर पोहणारा हंस बसवला. कल्पना काय भन्नाट आहे बघा: इंजिनाला हलू नकोस म्हणायचंच नाही. हलू द्यायचं, फक्त ते हलणं गाडीला कळू द्यायचं नाही.

आजचं माउंटिंग त्याहून हुशार. बऱ्याच गाड्यांत निदान एका माउंटिंगच्या पोटात दोन कप्पे आणि त्यांत ग्लायकोलचा द्रव असतो, दोन्हींना जोडणारी एक अरुंद वळणदार वाट. इंजिन मोठा हेलकावा खातं, तेव्हा द्रवाला त्या वाटेने रेटून जावं लागतं आणि हेलकाव्याचा जोर तिथेच जिरतो. बारीक, जलद कंपनं आली, तर मधला पडदा नुसता लवतो आणि माउंटिंग मऊ राहतं. म्हणजे सुरू होतानाच्या झटक्याला कडक आणि महामार्गावरच्या गुणगुणीला मऊ. त्यात ना सेन्सर, ना वायर, ना मेंदू! पण रबर उष्णतेने वर्षानुवर्षं भाजून कडक होतं, त्याला चिरा पडतात, द्रव गळून जातो. बॉनेट उघडून बॅटरीच्या टॉर्चने माउंटिंगखाली बघा. काळपट, ओलसर ओघळ दिसला, रबर फाटलेलं दिसलं, तर गुन्हेगार सापडला.

माउंटिंग गेलं आहे की इंजिनच मिसिंग मारतंय, हे ओळखायची एक सोपी रीत आहे. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. घरातल्या कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि स्वतः उघड्या बॉनेटच्या बाजूला उभे राहा. गाडीसमोर उभं राहू नका, आणि ओढणी, सैल बाही, हात सगळं पट्ट्यांपासून लांब. इंजिनाचा आवाज एकसारखा, ते स्वतः शांत, आणि तरी स्टीअरिंग आणि सीट थरथरत असेल, तर माउंटिंगवर संशय घ्या. इंजिनच उसळ्या मारत असेल आणि आवाजात मध्येच एक ठोका गळत असेल, तर तीनपैकी एक सिलिंडर कामावर आलेला नाही.

हा गळलेला ठोका म्हणजे या सगळ्या कहाणीतला सर्वांत अजब भाग. गणित करू. ८०० फेऱ्यांवर प्रत्येक सिलिंडर सेकंदाला सहा-सातदा पेटतो. तिन्ही मिळून वीस ठोके, आणि वीसचा वेग माउंटिंगच्या लयीच्या बराच वर असल्याने तुम्हाला काही कळत नाही. आता एक सिलिंडर मुका झाला. दणके कमी झाले, तर थरथर कमी व्हायला हवी, नाही का? पण आता सेकंदाला सहा-सात वेळा एक खड्डा पडू लागतो. हा वेग कुठे येऊन बसला? थेट माउंटिंगच्या लयीच्या उंबरठ्यावर! त्याहून मजेची गोष्ट अशी, की बसलेल्या माणसाचं धडही सेकंदाला चार ते आठ हेलकाव्यांनाच सर्वांत जास्त दाद देतं. म्हणजे एक सिलिंडर गप्प झाला, की ताशी शून्य किलोमीटर वेगाने उभ्या गाडीत तुमचं पोट, खांदे आणि आरशाला लटकवलेला गणपती, सगळे एकाच ठेक्यावर हलू लागतात.

आणि म्हणूनच थोडी रेस दिली की थरथर गायब होते. २,००० फेऱ्यांवर तोच खड्डा सेकंदाला सोळा-सतरा वेळा पडतो, माउंटिंगला तो गिळता येतो, आणि मालकाला वाटतं गाडी आपोआप बरी झाली. बरी वगैरे काही झालेली नसते. पेटायचं राहिलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेने बाहेर पडतच असतं.

ईसीयूला मात्र असं फसवता येत नाही. तेच ते दोन दात गाळलेलं चक्र इथे पुन्हा कामाला येतं. ८०० फेऱ्यांवर एक दात सेन्सरसमोरून जायला सव्वा मिलिसेकंद लागतो. एखादा सिलिंडर पेटला नाही, की त्याच्या वाट्याचे दात किंचित उशिरा येतात. तो उशीर ईसीयू मोजतो, त्यावरून कुठल्या सिलिंडरने दांडी मारली ते ओळखतो आणि नोंद करून ठेवतो. मेकॅनिकने स्कॅनर लावला, की पी ०३०१ म्हणजे पहिला सिलिंडर, पी ०३०२ म्हणजे दुसरा, आणि पी ०३०० म्हणजे कधी हा कधी तो.

पण स्कॅनर सिलिंडरचा नंबर सांगतो, कारण सांगत नाही. इथे चांगला मेकॅनिक आणि नुसता पार्ट बदलणारा यांच्यातला फरक दिसतो. समजा, दुसरा सिलिंडर चुकतोय. हल्लीच्या पुष्कळ गाड्यांत प्रत्येक प्लगच्या डोक्यावर स्वतंत्र इग्निशन कॉईल असते. गाडी बंद करून दुसऱ्याची कॉईल तिसऱ्याला आणि तिसऱ्याची दुसऱ्याला लावायची, जुना कोड पुसायचा आणि गाडी चालवून बघायची. दोष आता तिसऱ्यात गेला? कॉईल खराब. दुसऱ्यातच राहिला? मग हाच खेळ प्लगचा. एक रुपयाचाही सुटा भाग न घेता निदान होतं. प्लग काढला, की त्याचं तोंड नीट बघा. त्याच्या दोन टोकांमध्ये एक मिलिमीटरच्या आसपास फट असते, आणि तेवढ्या फटीतून ठिणगी उडवायला वीस-तीस हजार व्होल्ट लागू शकतात. झिजून फट वाढली, की लागणारे व्होल्टही वाढतात, आणि दमट, थंड सकाळी कॉईल हात टेकते. तोंड फिकट तपकिरी असेल तर आत जळण ठीक चाललंय. काजळीने काळं असेल तर पेट्रोल जास्त होतंय, आणि तेलकट ओलं असेल तर इंजिन ऑईल आत शिरतंय.

थरथर फक्त सकाळच्या पहिल्या सेल्फलाच येते आणि मिनिटभरात जाते, असं असेल तर? एक शक्यता अगदी निरोगी आहे. थंडीत पेट्रोल नीट वाफाळत नाही, थोडं भिंतींना चिकटून राहतं, म्हणून ईसीयू ते जास्त सोडतो. शिवाय धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर अडीच-तीनशे अंश तापल्याशिवाय नीट काम करत नाही, म्हणून ईसीयू मुद्दाम फेरे वाढवतो आणि ठिणगी उशिरा टाकून धुराड्यात जास्त उष्णता पाठवतो. तेवढा वेळ इंजिन थोडं खरखरीत वाजणारच. आपल्या पेट्रोलमध्ये आता इथेनॉल वाढलंय आणि त्याला वाफ व्हायला पेट्रोलपेक्षा बरीच जास्त उष्णता लागते, तेव्हा गारठ्यात हे काम आणखी अवघड होतं. दुसरी शक्यता रोगट आहे. इंजेक्टर नीट मिटत नसेल तर रात्रभर थेंब थेंब पेट्रोल एका सिलिंडरकडे झिरपतं. सकाळी तो सिलिंडर ओलाचिंब असतो, दोन-चार ठोके चुकवतो, काळा धूर सोडतो आणि मग ताळ्यावर येतो. पेट्रोलच्या लाइनमधला दाबही उतरलेला असतो. यावर एक करून बघा: किल्ली 'ऑन'ला आणून दोन सेकंद थांबा, पंपाची बारीक घूंघूं ऐका, बंद करा, पुन्हा 'ऑन' करा आणि मगच सेल्फ मारा. एवढ्याने फरक पडला, तर संशयाची सुई पेट्रोलच्या दाबाकडे वळते.

सीएनजीवाल्यांना तर निदानाचं एक जादा हत्यार फुकट मिळालंय. गॅस पेटवायला ठिणगी जास्त जोरकस लागते, म्हणून थकलेले प्लग आणि कॉईल आधी गॅसवरच उघडे पडतात. पेट्रोलवर मऊ आणि गॅसवर थरथर, तर प्लग, कॉईल, गॅसचे इंजेक्टर बघा. उलट असेल तर पेट्रोलचे इंजेक्टर आणि पंप. टाकीत कायम रिझर्व्हपुरतंच पेट्रोल ठेवायची सवय मात्र सोडा. पेट्रोलचा पंप ही विजेची मोटर खुद्द टाकीत, पेट्रोलमध्ये बुडून चालते आणि तेच पेट्रोल तिला थंड ठेवतं.

एक गुन्हेगार कुठल्याच मॅन्युअलमध्ये ठळक सापडत नाही: उंदीर. पावसाळ्यात आठवडाभर उभी राहिलेली गाडी त्यांना उबदार घर वाटते. इंजेक्टरची एखादी वायर कुरतडली, की सिलिंडर गप्प. हवेची एखादी नळी कुरतडली, की मोजमापाबाहेरची हवा आत शिरते. स्थिर फेऱ्यांवर इंजिन मुळात हवा थोडीच घेतं, म्हणून चोरटी हवा तिथे जास्त बोचते आणि गाडी डुगडुगते. बॉनेट उघडल्यावर फुसफुस आवाज येतोय का ते ऐका, कुरतडलेल्या तुसांचा ढीग दिसतोय का ते बघा.

गॅरेजमध्ये जाल तेव्हा 'गाडी हलते' एवढंच सांगू नका. सेल्फ फिरताना हलते, पेटल्याक्षणी हलते, की पेटल्यावर हलतच राहते? थंड असताना की गरमही? रेस दिल्यावर जाते का, एसी लावल्यावर वाढते का, गॅसवर की पेट्रोलवर? एवढं सांगितलंत तर मेकॅनिकचा अर्धा तास आणि तुमचे काही हजार रुपये वाचतील. आणि थरथरीबरोबर इंजिनाचा पिवळा दिवा नुसता लागलेला नसून लुकलुकत असेल, तर गाडी तशीच दामटू नका. न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतंय असा त्याचा अर्थ, आणि तो कन्व्हर्टर जळाला तर त्याची किंमत प्लग-कॉईलच्या कितीतरी पट असते.